तूरडाळीचं बेकजे

बेकजेचं अख्खं सैन्य मी एकदा कुकरला लावलं होतं. तीन शिट्ट्या झाल्या आणि मग शालूआत्या बाहेरून आली.

माझी बाजू आधी मांडतो, कारण आमच्या घरात ती दुसरं कुणी मांडत नाही. ब्रॅकनेलहून नॉटिंगहॅमपर्यंत गाडी हाकत आलेला, पन्नाशी गाठलेला, भुकेला माणूस. आत्या घरात नाही. डायनिंग टेबलावर तूरडाळ पसरलेली, तिच्या उजवीकडे मूग, वरच्या अंगाला राजमा आणि पार कडेला साबुदाणा. मला वाटलं, बाई निवडायला बसली असेल आणि मधेच उठून गेली असेल. घरकामात मी स्वतःहून केलेली मदत मोजायला एका हाताची बोटं पुरतात, त्यातली ही एक.

आत्याने टेबलाकडे पाहिलं, कुकरकडे पाहिलं. "तूर कुठाय?"

"वरण लावलंय," मी छाती काढून म्हणालो.

"ते बेकजे होतं, मकरंद." ती कोट न काढताच खुर्चीवर बसली. "तीन गुरुवार लागले होते मला त्यांना नदीच्या तोंडाशी आणायला."

तिने कुकरकडे वळून वास घेतला. शेवटी तिनेच विचारलं, "हिंग घातलास का?"

शालूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात ती चाळीसेक वर्षं रेडिऑलॉजिस्ट होती. लोकांच्या हाडांचे आणि फुप्फुसांचे फोटो वाचणं हे तिचं काम. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. रिटायर झाल्यावर ती लायब्ररीतल्या इतिहासाच्या वर्गात नाव घालायला गेली. तिला रोमन लोक हवे होते. रोमन लोकांचा वर्ग भरलेला निघाला. जागा शिल्लक होती ती प्राचीन कोरिया आणि जपान यांच्या लढायांच्या वर्गात. बरोबरच्या बाया परत गेल्या. आत्याने फॉर्म भरला. "रिकामी जागा दिसली, बसले," एवढंच तिने मला त्याचं कारण सांगितलं.

ज्यांना हा विषय माझ्याइतकाच ठाऊक असेल, म्हणजे अजिबात ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी आत्याच्या टेबलाचा नकाशा सांगतो. तेव्हा कोरियात तीन मोठी राज्यं होती. उत्तरेला दांडगं गोगुर्यो, ते राजमा. नैऋत्येला बेकजे, ते तूर. आग्नेयेला सिल्ला, ते मूग. समुद्रापलीकडे जपानातले लोक, त्यांना त्या काळी 'वा' म्हणत, ते साबुदाणा. साबुदाणाच का, असं मी विचारलं होतं. "पाण्यातून आल्याशिवाय त्याचा उपयोग नाही म्हणून," आत्या म्हणाली. तीनशे वर्षं ही मंडळी एकमेकांशी लढली, मैत्र्या केल्या, मोडल्या, पुन्हा लढली. लढाई संपली की सगळं सैन्य आपापल्या बरणीत परत जायचं. झाकणांवर पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, पण त्या इतक्या बारीक अक्षरात की भुकेल्या माणसाला दिसू नयेत.

आत्याचं एक वाक्य होतं. हॉस्पिटलात तिने ते शेकडो शिकाऊ डॉक्टरांना ऐकवलं असणार, घरी ते आम्हाला ऐकावं लागे: "दिसतंय ते सांग. वाटतंय ते नंतर."

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिला फोन करून म्हणालो, "आत्या, मेधा माझ्यावर चिडलीये."

"दिसतंय ते सांग."

"चेहरा लाल झालाय. बोलत नाहीये."

"हे दिसलं. चिडलीये हे तुझं निदान. तोंडात गरम बटाटा असेल."

तोंडात खरोखरच गरम बटाटा होता. मेधा तेव्हापासून आत्याची भक्त. मी अजूनही आधी निदान करतो आणि मग बघतो.

आत्याच्या जेवणघरात भिंतीवर एक पांढरी उजेडाची पेटी होती. हॉस्पिटलांमध्ये एक्स-रे लावून बघायची जुनी पेटी असते, ती. सगळं कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा टाकून देत होते, ही मागून घरी घेऊन आली. दिवसभर ती पेटी चालू. तिच्यावर डावीकडे एका शिलालेखाच्या ठशाचा फोटो आणि उजवीकडे एक निळं, कड फाटलेलं हवाईपत्र. आत्याच्या आयुष्यातली मोठी युद्धं ही दोनच, आणि दोन्हींत अक्षरं कमी पडत होती.

आधी शिळेचं सांगतो. सोळाशे वर्षांपूर्वी गोगुर्योच्या एका राजाच्या मुलाने बापाचे पराक्रम एका प्रचंड शिळेवर कोरून ठेवले. ती आज चीनमध्ये, कोरियाच्या सीमेजवळ उभी आहे.

"म्हणजे सिल्लाची शिळा," मी एकदा म्हणालो.

"गोगुर्योची शिळा. सिल्ला शिळेवर आहे."

"आणि डाळ शिळी आहे."

आत्याने ऐकलं नसल्यासारखं केलं. पुण्याहून येऊन पन्नास वर्षं झाली तरी तिने हे कसब जपलं होतं.

त्या शिळेवर एक वाक्य आहे. वा आले, समुद्र ओलांडून बेकजेला हरवलं, मग दोन-तीन अक्षरं झिजलेली, मग सिल्लाचं नाव, आणि शेवटी 'प्रजा केलं'. कोणी ओलांडला, कोणी हरवलं, कोणी कोणाला प्रजा केलं, हे वाक्य नीट सांगतच नाही. जपानकडचे अभ्यासक बरीच वर्षं म्हणत आले, सरळ आहे, वा आले आणि वा जिंकले. कोरियाकडचे म्हणतात, वा आले हे कबूल, पण समुद्र ओलांडून हरवलं ते आमच्या राजाने. शिळा त्याची, तर पराक्रम दुसऱ्याचा कसा असेल? तीन झिजक्या अक्षरांवरून दोन देश शंभरावर वर्षं भांडताहेत.

आणि आता हवाईपत्र.

ते माझ्या वडिलांचं. आत्या त्यांना दादा म्हणायची. ती एकटी इंग्लंडला निघाली ते दादाला पसंत नव्हतं. एका हिवाळ्यात परत येईल, असं तो चारचौघांत म्हणाला होता. हिवाळा गेला, आत्या परीक्षा पास झाली आणि मी इथेच राहणार असं तिने कळवलं. त्याला दादाचं हे उत्तर. हवाईपत्र म्हणजे एकच निळा कागद, घड्या घालून चिकटवलेला. चुकीच्या कडेने उघडला की मजकूरच फाटणार. आत्याने ते हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये, घाईत, लोणी लावायच्या सुरीने, चुकीच्या कडेने उघडलं. फाटलेली पट्टी ताटात पडली आणि ताट उचलून नेलं गेलं. तीन ओळींची शेपटं गेली.

पहिली ओळ, 'आईची तब्येत बरी आ'. इथे काही अडचण नाही.

दुसरी ओळ, 'आम्हाला मुलगा झाला, नाव ठेवलंय म'. हा म म्हणजे मी.

तिसरी ओळ, 'तू समुद्र ओलांडून गेलीस आणि आम्हाला हरव'. त्यापुढे काही नाही.

मराठी माणसाला सांगायला नको. 'हरवलीस' असेल तर तू आम्हाला परकी झालीस, संपलीस. 'हरवलंस' असेल तर तू जिंकलीस, पोरी, आम्ही हरलो. शेवटच्या दोन अक्षरांत अख्खा भाऊ होता, आणि ती अक्षरं कँटीनच्या खरकट्यात गेली.

माझ्या नावापुढची जागा आत्याने रिकामी ठेवली. तिच्या जुन्या डायरीत माझ्या वाढदिवसाच्या पानावर 'म' आणि पुढे एक रेघ आहे. दादाच्या वाक्यापुढची जागा मात्र तिने त्याच दुपारी भरून टाकली. तिने 'हरवलीस' वाचलं आणि त्या पत्राला उत्तर दिलं नाही. अकरा वर्षं दिलं नाही.

अकरा वर्षांनी आजी आजारी पडली तेव्हा ती पुण्याला आली. दारात मी उभा. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तू म कोण?"

"मकरंद."

"असं होय!" तिने तिथेच, बूट न काढता, पर्समधून डायरी काढली आणि माझं नाव पूर्ण केलं. "मला मंगेश वाटत होतं. पण लिहिलं नव्हतं हां."

दादा आणि ती त्या मुक्कामात कैरीच्या लोणच्याबद्दल बोलले, आजीच्या औषधांबद्दल बोलले, गळक्या नळाबद्दल तर तासभर बोलले. पत्राचा विषय निघाला नाही. पुढे येणंजाणं सुरू झालं, तरी निघाला नाही. वडील गेले त्याच्या वर्षभर आधी मीच त्यांना विचारलं, "बाबा, शालूआत्याला त्या पत्रात शेवटी काय लिहिलं होतं?" ते विचारात पडले. "आठवत नाही रे," म्हणाले, "पण माझं अक्षर चांगलं होतं." हे मी आत्याला कळवलं. ती म्हणाली, "अक्षर चांगलं होतं हे दिसतंच आहे."

तर अशी ही बाई, आणि तिच्या घरी दर गुरुवारी दुपारी वर्गातले दोघं यायचे. एक चोबाई, कोरियाच्या, रिटायर्ड नर्स, आवाज खणखणीत. दुसरे जपानी इंजिनिअर, आडनाव मोरी. आमच्याकडे मोरीत भांडी घासतात, तेव्हा आत्याला ते बरं दिसेना. तिने त्यांचं मोरेसाहेब केलं. तेही 'मिस्टर मोरे' म्हटलं की ओ देत. चहा, कांदेपोहे आणि प्राचीन युद्ध असा कार्यक्रम असायचा. बोलणं अर्थातच इंग्रजीत. पोह्यांना मात्र तिघंही पोहेच म्हणत.

एका गुरुवारी मी आत्याच्या वरच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करत होतो. मीटिंगमध्ये मला कुणी काही विचारत नाही, म्हणून आवाज बंद करून खाली आलो. टेबलावर शिळेचं वाक्य चाललं होतं.

चोबाई म्हणत होत्या, "ठसे घेणाऱ्यांनी त्या शिळेला चुना फासला होता. खड्डे चुन्याने भरले, अक्षरं बदलली. कुणाच्या फायद्याची बदलली, ते मी सांगायला नको."

आत्याने माझ्याकडे बघून मराठीत खुलासा केला, "चुना लावलाय म्हणतात."

मी फस्सकन हसलो. खरोखरचा चुना लावून कुणी इतिहासाला चुना लावतो, ही कल्पनाच मला आवरेना. पण मोरेसाहेबांना वाटलं, मी त्यांना हसतोय. ते उभे राहिले, नॅपकिनची घडी घातली, टोपी घातली. "मॅडम, अक्षरं मी बदललेली नाहीत," एवढंच म्हणाले.

"जाताना समुद्र जपून ओलांडा," चोबाई म्हणाल्या.

पुढचे दोन गुरुवार कुणीही आलं नाही. आत्याने दोन्ही गुरुवारी पोहे भिजवले आणि दोन्ही गुरुवारी एकटीने खाल्ले. फोनवर मी माफी मागितली. "तू कशाला?" ती म्हणाली. "तू नेहमीचाच आहेस. पण मकरंद, ह्या वयात गुरुवार पुन्हा मिळत नाहीत रे. अकरा वर्षं हातात असली तर माणूस रुसतो."

तिसऱ्या आठवड्यात तिने दोघांना फोन केला आणि वेगवेगळं तेच सांगितलं: एका कागदावर सेकंड ओपिनियन हवंय, भिंग घेऊन या. ती कुणाकडे सहसा काही मागत नसे. दोघं आले. एकमेकांकडे न बघता आले, पण आले. मीही आलो, तोंड बंद ठेवायच्या अटीवर.

आत्याने हवाईपत्र पेटीवर मधोमध लावलं. "फाटक्या कडेपाशी बघा. 'हरव' इतकं आहे. त्याच्यापुढे, ओळीच्या वर, शाईचा एक कण राहिलाय. आमच्या लिपीत तिथे दोनच गोष्टी असू शकतात. एक टिंब, किंवा एका वेलांटीचं टोक. दिसतंय ते सांगा."

दोघांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. दोन्ही पांढरी डोकी त्या उजेडाला चिकटली.

"टिंब," बऱ्याच वेळाने मोरेसाहेब म्हणाले. "कडा गोल आहेत."

"गोल कुठल्या? डावीकडे ओढ आहे," चोबाई म्हणाल्या. "जरा सरका. तुमची सावली पडतेय."

"शाई पसरलीय तिथे."

"पसरली तर चहूबाजूंनी पसरेल ना! इकडे या, इथून बघा. भिंग धरा माझं."

पंधरा मिनिटं हे चाललं. भांडण होतंच, पण आता एकाच भिंगातून. मग मोरेसाहेबांनी मागे वळून विचारलं, "टिंब असेल तर काय, आणि वेलांटी असेल तर काय?"

आत्याने सांगितलं. कँटीन, सुरी, दोन्ही अर्थ, सगळं.

"आणि तुम्ही काय वाचलंत?" चोबाईंनी हळूच विचारलं.

"मी वेलांटी वाचली. तेव्हा मी हा कण बघितलाही नव्हता. नोकरी काय माझी, तर फोटोत नसलेलं सांगायचं नाही." आत्याने पेटीची काच पदराने पुसली. साडी ती फक्त गुरुवारी नेसायची. "शिळेवर तुमचे दोन देश भांडतात. माझ्याकडे मी एकटीच दोन्ही देश होते. बसा आता. पोहे गार होताहेत."

मोरेसाहेबांनी चोबाईंसाठी खुर्ची ओढली. त्या दिवशी शेवटची मोठी लढाई मांडली गेली. बेकजे बुडालेलं, ते परत उभं करायला वा जहाजं घेऊन आले, आणि सिल्ला व चीनच्या आरमाराने ती नदीच्या तोंडाशी जाळली. मूग जिंकले. पण आत्या मुगांकडे बघतही नव्हती. ती तुरीचे दाणे एकेक करून साबुदाण्याच्या बाजूला नेत होती. राज्य बुडाल्यावर बेकजेची माणसं होड्यांत बसून पलीकडे गेली, लिहिणारी, बांधकाम जाणणारी, औषधं देणारी, आणि तिथेच राहिली, कामाला लागली.

"पण मग जिंकलं कोण?" मी अट मोडून विचारलं.

तिघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी वर जाऊन मीटिंगमध्ये बसलो.

आमची मुलगी ईशा नॉटिंगहॅमलाच कॉलेजला गेली, आणि आत्याला तिचं मराठी दुरुस्त करायचं काम मिळालं. ईशा इथेच जन्मली. 'केलंस', 'खाल्लंस' हे तिने घरात सर्वांत जास्त ऐकलेलं, म्हणून तेच शेपूट ती सगळ्या क्रियापदांना लावते.

"आजी, तू आलंस? आजी, तू बसलंस का?"

"मी काय वासरू आहे? तू आलीस. तू बसलीस."

"पण केलंस म्हणतात ना?"

"केलंस म्हणतात."

"मग? सो अनफेअर!"

एकही चूक आत्या सोडत नसे. बसमध्ये, दुकानात, एकदा तर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीतून, तोंड उघडं असताना तिने ईशाची वेलांटी सुधारली होती.

डिसेंबरातली एक दुपार. आम्ही चौघं शहरातल्या चौकात नाताळचा बाजार बघायला गेलो होतो. गर्दीत आत्याचा हात सुटला. फोन ती घरी ठेवूनच निघायची. पाऊण तास आम्ही तिला शोधत होतो. मी लगेच निदानावर गेलो: चक्कर, ट्राम, अँब्युलन्स. मेधा म्हणाली, "दिसतंय ते बघ आधी." पण तीही एकच गल्ली तिसऱ्यांदा बघत होती. ईशा तर रडायलाच लागली.

आत्या ट्रामच्या थांब्यावर बाकावर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत नव्या बरण्या.

"आत्या, अहो, कुठे गेला होतात?" मेधा धावली.

"मी कुठे जाणार? मी पाऊण तास इथेच आहे. तुम्हीच इकडेतिकडे पळत होता. दिसत होता मला."

तेवढ्यात ईशाने येऊन तिला घट्ट मिठी मारली आणि रडत रडत म्हणाली, "आजी, तू हरवलंस!"

माझ्या तोंडून सवयीने निघालंच, "ईशा, हरव..."

आत्याने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की पुढचं तोंडात राहिलं.

"परत म्हण," ती ईशाला म्हणाली.

"काय? राँग आहे का? हरवला? हरवली..."

"नाही. पहिलं म्हण."

"तू हरवलंस."

ट्राम आली, दारं उघडली, माणसं चढली, ट्राम गेली. आत्या ईशाच्या टोपीवरून हात फिरवत होती.

"चुकलं का, आजी?"

"असू दे," आत्या म्हणाली.

आम्ही तिला घरी सोडलं. ती पुढे दीडच महिना होती, आणि त्या दिवसांत माझं तिकडे जाणं झालं नाही. ऑफिस, बर्फ, माझी नेहमीची कारणं. म्हणून हे शेवटचं नीट सांगतो, दिसलं तेवढंच. तिला सोडलं त्याच दिवशी, साडेचार वाजले होते, बाहेर अंधारून आलेलं. मी गाडीत बसून काचेवरचं धुकं जायची वाट बघत होतो. जेवणघराचा पडदा उघडा होता. आत्या कोट न काढताच पेटीसमोर उभी होती. तिने उजवा हात वर केला आणि निळा कागद काढून घेतला. मग पेटीचं बटण दाबलं, आणि त्या खिडकीतला पांढरा उजेड मी पहिल्यांदाच बंद झालेला पाहिला.